दाबलेली सूचना

शिवकन्येचं पत्र आलं तेव्हा केशरबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आता त्या संक्रांतीचे तीळ पाखडत होत्या, आणि त्यांच्या नवऱ्याने, मुंजाजी सरांनी, अजून त्या पत्राला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र कुठं हरवलेलं नव्हतं. टेबलावर चष्म्याच्या घराखाली ते होतं. रोज सकाळी चष्मा काढताना दिसायचं, सर ते उघडायचे, पहिल्या दोन ओळी वाचायचे आणि पुन्हा तसंच घडी करून ठेवायचे.

"सर, तुम्ही वर्गात म्हणायचात की शंका लिहून विचारा, तोंडी विचारलं की माझा गोंधळ होतो. म्हणून लिहिते."

हे खरं होतं. माजलगावच्या कॉलेजात सर आधी गणित शिकवायचे. कॉम्प्युटरचा विषय आला तेव्हा दुसरं कुणी तो घेईना, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाने पुस्तकं मागवली, रात्रंदिवस वाचली, आणि वर्गात पाय ठेवला तो कायम घाबरतच. कुठलंही वाक्य ते 'बहुतेक' या शब्दाने सुरू करायचे. पोरांनी त्यांचं नाव 'बहुतेक सर' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते नाव बहुतेक बरोबरच आहे असंही त्यांना वाटायचं.

शिवकन्या त्या वर्गातली. सिरसाळ्याकडची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे आणि ही होस्टेलात राहून शिकायची. पदवी झाल्यावर तिला साखर कारखान्यात नोकरी लागली. गाडीतळावर आलेल्या उसाच्या गाड्यांना नंबर द्यायचा आणि नंबराप्रमाणे त्या वजनकाट्यावर घ्यायच्या, हे काम करणारा प्रोग्राम तिथं होता. तिने त्यात भर घालायची होती. मूळ प्रोग्राम युवराजने लिहिलेला. युवराज म्हणजे कारखान्याचे संचालक सुंदरराव यांचा मुलगा. पुण्याला शिकून आलेला, आणि एक वर्ष सरांचाही विद्यार्थी.

ऐन हंगामात एका सकाळी तो प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि त्यात शिवकन्येच्या फाइलचं नाव होतं, ओळ एकशे बारा. दुपारपर्यंत काटा बंद राहिला. बैलगाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली, बैल उन्हात फेस गाळत उभे राहिले, ऊस वाळला, आणि सगळा तळ शिवकन्येच्या नावाने बोटं मोडू लागला. आता संक्रांत झाली की चौकशी समिती बसणार होती. चूक तिची ठरली तर नोकरी तर जाणारच होती, वर असा शेरा मिळणार होता की जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या कारखान्याने तिला दारात उभं केलं नसतं.

"समिती म्हणते, बाहेरच्या जाणकाराचं लेखी मत आणा," तिने लिहिलं होतं. "सर, माझी बाजू घ्या असं मी म्हणत नाही. चूक कोणत्या ओळीत आहे, एवढंच लिहून द्या." सोबत दोन्ही फाइली छापून जोडल्या होत्या.

पहिल्याच वाचनात सरांना चूक दिसली होती. त्यांना लाज वाटत होती ती याचीच.

प्रोग्राम जावा या भाषेत होता, आणि जावात अ‍ॅरे म्हणजे खणांची पेटी. बनवतानाच तिच्यावर चिठ्ठी लागते, बैलगाड्यांची किंवा ट्रॅक्टरांची, आणि प्रोग्राम धावत असतानाही ती चिठ्ठी जागेवर असते. बैलगाड्यांच्या पेटीत कुणी ट्रक कोंबू लागला तर पेटी तिथल्या तिथं त्याचा हात धरते. जेनेरिक प्रकाराचं याच्या उलट. त्यात लिहिताना नुसतं 'कुठल्यातरी एका प्रकारच्या वस्तू' एवढंच म्हणायचं, आणि वापरणाऱ्याने सांगायचं की बैलगाड्या की ट्रॅक्टर. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ती चिठ्ठी नीट तपासतो, पण तपासून झाली की खरवडून टाकतो. प्रोग्राम धावू लागतो तेव्हा ती नसतेच. म्हणून 'कुठल्यातरी प्रकाराची' अ‍ॅरे बनवायला जावा सरळ नकार देते. चिठ्ठीवर लिहू काय, असा तिचा सवाल असतो, आणि तो रास्त आहे.

युवराजने या नकारातून पळवाट काढली होती. 'काहीही चालेल' अशा चिठ्ठीची पेटी करायची आणि तोंड वर करून कंपायलरला सांगायचं की ही त्याच 'कुठल्यातरी प्रकाराची', म्हणजे T ची आहे:

T[] peti = (T[]) new Object[n];

कंपायलर अडवत नाही. पिवळ्या अक्षरांत सूचना देतो की बाबा, हे मला तपासता येत नाही, पुढचं तुझं तू बघ. त्या ओळीच्या डोक्यावर आणखी एक ओळ लिहिली की ती सूचनाही गप्प होते. ही पळवाट पुष्कळ जण वापरतात, आणि पेटी घरातल्या घरात राहिली तर काही बिघडत नाही. एकेक गाडी मागा, बरोबर मिळते. पण युवराजने अख्खी पेटी बाहेर देण्याची सोयही करून ठेवली होती, आणि शिवकन्येने बैलगाड्यांची पेटी म्हणून ती मागितली. हातात पडली ती 'काहीही चालेल'ची. प्रोग्राम फुटला तो तिथं, घेणाऱ्याच्या ओळीत. देणारा कुठल्या कुठं दूर, आणि त्याच्या फाइलीत सगळं शांत.

हे सगळं सरांना कळत होतं. पण कळणं वेगळं आणि सही करणं वेगळं. आपण नव्या आवृत्त्या वाचलेल्या नाहीत, यात काही बदललं असेल तर? युवराज पुण्याला शिकलेला, त्याला काही जास्त माहीत असेल तर? आणि या सगळ्या शंकांच्या खाली जे होतं ती शंका नव्हती, भीती होती. सर रोज दुपारी ज्या वाचनालयात जाऊन बसायचे, ते सुंदररावांच्या मेहेरबानीवर चालत होतं.

अशा त्या तीळ पाखडायच्या दिवशी दारात पांढरी गाडी उभी राहिली आणि युवराज उतरला. त्याने वाकून नमस्कार केला, केशरबाईंच्याही पाया पडला. वडिलांना तो दादा म्हणायचा.

"सर, दादांनी बोलावलंय. समितीला जाणकार माणूस पाहिजे. म्हटलं आपले सर असताना बाहेरचा कशाला बघायचा?"

"मी काय जाणकार," सर म्हणाले. "बहुतेक मी..."

"ते बहुतेक-फिहुतेक गाडीत बसून बोलू. चला."

सर गाडीत बसले. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. केशरबाईंनी सूप खाली ठेवून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

कारखाना जवळ आला तसा मळीचा वास आला. आंबलेला, गोड, नाकात चिकटून बसणारा. दरसाल हंगामात तो गावावर येतो आणि दरसाल लोक म्हणतात, सवय होते की. सरांना कधी झाली नव्हती. अतिथीगृहाच्या जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून काळ्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यावरच एका देवाच्या चित्राची फरशी लावली होती, कुणी थुंकू नये म्हणून. फरशीवरही शिंतोडे होते.

सुंदरराव सोफ्यावर बसले होते. पुढं पोहे, पेढे, चहा. चहाच्या सायीत एक माशी चिकटली होती. त्यांनी ती बोटाने काढून फेकली आणि कप सरांपुढे सरकवला.

"घ्या गुरुजी. लई दिवसांनी. वाचनालयाच्या छताचं पत्रं गळतंय म्हणं? करून घेऊ. आपलंच हाय ते."

"हो, थोडंसं," सर म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर स्वतःचाच त्यांना वीट आला.

"आता ह्या जावा-बिवाचं आमाला काय कळतंय," सुंदरराव म्हणाले. "पण एक साधी गोष्ट सांगा. ओळ एकशे बारा कुणाची?"

"शिवकन्येची."

"तिचीच. म्या काय म्हणलो न्हाई, मशीन म्हणलं. मशीनला भावकी न्हाई, पार्टी न्हाई. माणूस खोटं बोलंल, मशीन कशाला बोलंल?" त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं केला. "तुमच्या नावानं मजकूर करून ठिवलाय, तुमाला तरास नको. निस्ती सही करायची."

सरांनी वाचलं. 'माझ्या दीर्घ अनुभवावरून' अशी सुरुवात होती. पुढं ओळ एकशे बाराचा उल्लेख तीनदा होता आणि मूळ फाइलीचा एकदाही नव्हता. ती भाषा इतकी गुळगुळीत होती की हाताला तूप लागल्यासारखं वाटलं. त्यांनी नकळत बोटं धोतराला पुसली.

"सहीआधी मला बहुतेक... मशीन बघावं लागेल," ते म्हणाले. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. युवराज हसला. "बघू द्या की दादा. सरांची सवयच हाय, तीनदा वाचल्याबिगर वर्गात येत नसायचे."

वजनकाट्याच्या खोलीत शिवकन्या होती. तिच्याकडून मशीन काढून घेतलं होतं आणि हाताने पावत्या फाडायला बसवलं होतं. सरांना पाहून ती उठली. तिने पत्राचं विचारलं नाही. तिने काहीच विचारलं नाही, फक्त खुर्ची पुसून दिली, आणि सरांना ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

खोलीच्या दाराशी एक बाई उभी होती. डोक्याला फडकं, हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे. शिवकन्येची आई, भिवराबाई. टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, तळापलीकडेच होत्या. पोरीला भाकरी द्यायला ती आली होती.

"सर, तुमी तरी सांगा हिला," ती म्हणाली. "माफी माग म्हणावं आन् मोकळी हो. साहेबलोकं काय वाईट न्हाईत, माफी मागितली तर ठिवतीलबी कामावर."

"पण मी काय केलंय, आई?" शिवकन्या म्हणाली.

"केलं न्हाई केलं कोण इचारतंय. मोळी ज्याच्या डोक्यावर सुटली त्याची. आमच्या टोळीत तसंच हाय. फळीवरून ट्रकात चढताना मोळी सुटली की मुकादम चढणारीलाच बोलतो. ऊस येचून पुन्यांदा बांधायचा बी तिनंच. म्या जल्मभर येचलाय, मेले का?"

सरांनी विचारलं, "आणि जिने सैल बांधली तिला?"

"ती कवाच पुढल्या सरीला गेलेली आसती," भिवराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ऊन पडतं, वारा सुटतो, तसं ती सांगत होती.

दारात टेकलेल्या युवराजला ते फार आवडलं. "बघा सर. मावशीला कळलं, हिला कळंना. शाळा शिकून वाया गेली."

भिवराबाईही कौतुकाने हसली. मालकाच्या पोराने शहाणं म्हटलं होतं. सरांनी खिडकी उघडली. बाहेरून मळीचा भपकारा आत आला. त्यांनी खिडकी पुन्हा लावली.

ते मशीनसमोर बसले. त्यांनी युवराजची फाइल उघडली आणि सूचना गप्प करणारी ती एक ओळ खोडली. मग प्रोग्राम पुन्हा बनवायला दिला. पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली.

"हे काय आहे, युवराज?"

"वॉर्निंग. वॉर्निंगला काय एवढं? एरर थोडीच हाय. चालतंय ना? मग झालं."

मग सरांनी एक नवी, अगदी छोटी फाइल लिहिली. तिच्यात शिवकन्येचं काही नव्हतं, एकशे बारावी ओळही नव्हती. युवराजची पेटी घ्यायची, तिच्यात एक बैलगाडी ठेवायची आणि अख्खी पेटी बैलगाड्यांची म्हणून परत मागायची. एवढंच. लिहून झाल्यावर त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. शिवकन्या मागे उभी होती. त्यांनी ती चालवली.

तीच लाल अक्षरं. फक्त या वेळी ओळ सरांची होती.

"आता चूक माझी म्हणायची का?" सरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. त्यांना टोमणा मारता येत नसे.

युवराज मोकळेपणाने हसला. "तसं मागितल्यावर कुणीबी असू द्या, फुटणारच की सर. आमाला म्हाईतच हाय ते. म्हणून तर आमी कधी मागत न्हाई. एकेक गाडी घेतो."

काट्यावर ट्रॅक्टर चढला आणि जमीन थोडी हादरली.

"तुला माहीत होतं?" शिवकन्या म्हणाली.

"मग? पहिल्याच वर्षी एकदा फुटलं होतं माझ्याकडं."

"मग मला सांगितलं का नाहीस? ती सोय तशीच का ठेवलीस? मी तुला विचारलं होतं, सगळ्या गाड्या एकदम मिळतात का. तू म्हणालास, हाय की तिथं, वापर."

"हाय तर होतीच ना," युवराज म्हणाला. आपण काही वावगं बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. "आता एवढं कुठं कुणी सांगत बसतंय. फुटलं की कळतंच माणसाला."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, राग तरी आला असता. तो बेफिकीर होता. बापाने चहातली माशी जशी बोटाने उडवली तशी त्याने ती सूचना उडवली होती, आणि कप तसाच पुढं सरकवला होता. सरांना शिसारी आली. आणि ती युवराजपाशी थांबेना. पत्र्याच्या गळतीला 'हो, थोडंसं' म्हणणाऱ्या जिभेपर्यंत ती आली, चष्म्याच्या घराखाली पत्र दाबून ठेवणाऱ्या हातापर्यंत आली. सूचना गप्प करायला ओळच लिहावी लागते असं थोडंच आहे. वर काहीतरी ठेवलं तरी भागतं.

"सही?" परत अतिथीगृहात सुंदररावांनी पेन पुढं केलं.

"मी घरी जाऊन लिहितो," सर म्हणाले. "माझ्या अक्षरात."

"तुमी लिहिणार?" सुंदररावांना हसू आलं. "गुरुजी, तुमचं लिहून व्हायला पुढला हंगाम यायचा. बरं, लिहा. कागद हितंच हाय, कवाबी या." त्यांनी पेढ्यांचा पुडा सरांच्या हातात कोंबला. परत करायचं सरांच्या मनात होतं, पण तेवढं धैर्य एका दिवसात आलं नाही. तळावरून जाताना त्यांनी तो एका बैलापुढं उघडून ठेवला. बैलाने हुंगला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर लिहायला बसले. मत थोडक्याच ओळींचं होतं, पण कागद बरेच गेले. आधी पुस्तक काढलं, तेच प्रकरण पुन्हा वाचलं, मग दुसऱ्या पुस्तकात पडताळलं. प्रत्येक वेळी तेच निघत होतं आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटत होतं, आपल्याकडून समजून घेण्यात काही राहिलंय. केशरबाई तिळगूळ वळता वळता येऊन मागे उभ्या राहिल्या.

"वाचा बरं," त्या म्हणाल्या.

सरांनी वाचलं. "प्रोग्राम एकशे बाराव्या ओळीत थांबला असला, तरी बहुतेक चूक..."

"ह्ये बहुतेक कुणासाठी हाय?"

"म्हणजे?"

"तुमाला ठावं हाय का न्हाई, चूक कुणाची ते?"

"आहे."

"मंग त्यो शबूद तुमच्यासाठी न्हाई. सुंदररावासाठी हाय."

सरांनी तो कागद फाडला. मग त्यांनी नवा कागद घेतला. प्रोग्राम एकशे बाराव्या ओळीत थांबला असला तरी चूक तिथली नाही, असं त्यांनी लिहिलं. चूक मूळ फाइलीत पेटी बनवणाऱ्या ओळीत आणि ती बाहेर देण्याच्या सोयीत आहे. तिथं कंपायलरने दिलेली सूचना मुद्दाम दाबलेली आहे. ती पेटी कुणीही मागितली असती तर याच प्रकारे फुटली असती. मी स्वतः मागून पाहिली. आणि हे मूळ लिहिणाऱ्यास आधीपासून माहीत होतं, असं त्यानेच माझ्यासमोर सांगितलं. हे शेवटचं वाक्य लिहून त्यांनी 'त्यानेच' पुन्हा एकदा गिरवलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

एक प्रत चौकशी समितीला, आणि त्याच मजकुराची दुसरी शिवकन्येला. तिच्या प्रतीवर काहीतरी चार शब्द लिहावेत असं त्यांना वाटलं. उशिराबद्दल, चष्म्याच्या घराबद्दल. पण जे सुचेल ते स्वतःचंच गाऱ्हाणं होऊ लागलं, म्हणून त्यांनी एवढंच लिहिलं: "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोबत आहे. आईलाही वाचून दाखव."

दोन्ही पाकिटं घेऊन ते पोस्टात गेले. वाटेत वाचनालय लागलं. दार उघडं होतं, आत त्यांची खुर्ची रिकामी होती. ते आत गेले नाहीत.

पोस्टातल्या अभिमन्यूने पत्ता वाचला. "कारखान्याला व्हय? सर, तिकडं आपली माणसं रोज जातेत. कुणाच्याबी हाती दिलं आसतं. कशाला स्पीड पोस्ट?"

"हातानं नको," सर म्हणाले. "पोच पाहिजे."

अभिमन्यूने दोन्ही पाकिटं वजन करून शिक्के मारले, पावत्या फाडून दिल्या आणि पाकिटं मागच्या पोत्यात भिरकावली. सर पावत्या घडी करत वळले आणि थबकले. पत्रावर तारीख टाकली होती की नाही? टाकली असावी. बहुतेक. ते परत खिडकीशी आले.

"काय राहिलं का, सर?"

अभिमन्यू पोत्याचं तोंड बांधत होता. सुतळीचे दोन वेढे देऊन, गुडघा रोवून, त्याने ती करकचून ओढली. सर ते शेवटपर्यंत बघत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले. "पक्कं बांध."